उभ्या गाडीची बॅटरीही झिजते

निस्सान लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये डॅशबोर्डवर उजव्या कडेला 12 बारीक रेघा असतात. बॅटरीची मूळ क्षमता किती शिल्लक आहे, हे त्या सांगतात. 2012च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फिनिक्स परिसरात लीफच्या मालकांना या रेघा एकेक करून गायब होताना दिसल्या. गाड्या घेऊन जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालेलं, आणि पहिली रेघ गेली की सुमारे 15 टक्के क्षमता गेलेली असते! लोक चिडले ते योग्यच होतं.

झालं काय होतं? अशा गाडीच्या बॅटरीतल्या लिथियम-आयन सेलमध्ये चार्ज होताना लिथियम ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतं. पहिल्याच चार्जिंगला या ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा धरतो, तापल्या दुधावर साय धरावी तसा. साय दुधातूनच येते. हा पापुद्राही सेलमधल्याच इलेक्ट्रोलाइट (लिथियमची ने-आण करणारा द्रव) आणि लिथियमपासून बनतो. तो हवाच, कारण त्याच्या आडोशामुळेच बाकीचं इलेक्ट्रोलाइट टिकतं. पण तो जाड होत राहतो आणि त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. जाडी वाढते तसा वाढीचा वेग मंदावतो. त्यामुळे नव्या गाडीची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर, पहिल्या वर्षी जरा जास्त घटली, तरी दरवर्षी तेवढीच घटेल असं धरू नका.

उष्णतेत मात्र हीच क्रिया जोर धरते, आणि त्यासाठी गाडी चालावीही लागत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली आणि गाडी तापल्या डांबरावर उभी, यासारखं वाईट काही नाही. त्या लीफमध्ये बॅटरी गार ठेवायला द्रवाची व्यवस्था नव्हती, सगळी भिस्त आसपासच्या हवेवर. फिनिक्सची हवा काय गार करणार? 2013मध्ये कंपनीने वॉरंटी वाढवली: 5 वर्षं किंवा 60,000 मैलांच्या आत 9पेक्षा कमी रेघा उरल्या, तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देणार. पुढे उष्णता जास्त सोसणारी बॅटरीही आणली.

आपल्याकडे अकोला-नागपूरचा मे महिना आठवा. तिथे सेकंडहँड ईव्ही बघायला गेलात तर किलोमीटर विचाराच, पण गाडी सावलीत असायची की उघड्यावर, हे मी तरी आधी विचारेन. बॅटरी जपायला रोज चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवा, असा सल्ला देतात; तो मात्र सरसकट लावू नका. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) या प्रकारच्या बॅटरीचा व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहतो, त्यामुळे किती चार्ज उरला याचा गाडीचा अंदाज चुकू लागतो. तो पुन्हा जुळावा म्हणून ती अधूनमधून पूर्ण भरायला सांगतात. भरा, आणि गाडी बाहेर काढा. भरून आठवडाभर उन्हात ठेवणं तिलाही सोसत नाही.