पाच डॉलरचा बँजो आणि क्लिंटवुडचं संग्रहालय

व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य टोकाला, केंटकीच्या सीमेलगत डिकन्सन काउंटी आहे. क्लिंटवुड हे तिचं मुख्य गाव, वस्ती दीड हजाराच्या आत. इथल्या व्हिक्टोरियन धाटणीच्या एका जुन्या घरात ऑक्टोबर २००४ मध्ये राल्फ स्टॅन्ली संग्रहालय उघडलं. ज्यांच्या नावाचं हे संग्रहालय, ते गायक आणि बँजोवादक राल्फ तेव्हा ७७ वर्षांचे होते, गात होते आणि याच काउंटीत राहत होते. मला या संग्रहालयाचं मोल वाटतं ते यासाठी. मोठ्या शहरात गेलेल्या कलावंताची आठवण म्हणून ते उभारलेलं नाही.

राल्फ यांचा जन्म २५ फेब्रुवारी १९२७ चा. आई लूसी बँजो वाजवायची. आपल्याकडे मिरवणुकीत वाजतो तो कळांचा बेंजो निराळा. हा लांब दांडीचा, पाच तारांचा, तोंडावर कातडं मढवलेला. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी तो अमेरिकेत रुजवला. शेजारीपाजारी शेंगा निवडायला जमले की लूसी तिथे वाजवायची. नखाने तार वरून खाली मारायची आणि आंगठ्याने पाचवी तार छेडायची, ही तिची पद्धत. मावशीकडे एक डुकरीण होती आणि एक जुना बँजो, दोन्हींची किंमत पाच-पाच डॉलर. यांतलं काय हवं, असं आईने विचारलं तेव्हा पोराने बँजो मागितला. मावशीने ते पैसे स्टॅन्ली कुटुंबाच्या दुकानातून किराणा नेऊन वसूल केले.

दुसरी शाळा देवळातली. स्टॅन्ली कुटुंब ज्या प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट चर्चमध्ये जायचं, तिथे वाद्यांना मज्जाव. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती लांबवत उचलायची. राल्फ यांच्या आवाजातला कोरडा, टोकदार करुण स्वर तिथून आला.

१९४६ मध्ये सैन्यातून परतल्यावर राल्फ आणि थोरले भाऊ कार्टर यांनी क्लिंच माउंटन बॉइज हा संच बांधला. त्याच वर्षअखेरीस ब्रिस्टलच्या रेडिओ केंद्रावरून ते घराघरांत पोचले. बिल मन्रो यांच्या संचात अर्ल स्क्रग्ज १९४५ अखेर आले होते आणि तीन बोटांच्या वेगवान बँजोने ब्लूग्रास, म्हणजे तारवाद्यांच्या साथीचं जलद डोंगरी संगीत, आकार घेत होतं. राल्फनीही ती तीन बोटांची शैली उचलली, पण डोंगरातलं जुनं गाणं सोडलं नाही. १९६६ मध्ये कार्टर वारले. राल्फनी संच चालू ठेवला आणि १९७१ पासून घराजवळच्या डोंगरधारेवर दर वर्षी संगीत महोत्सव भरवला. १९७६ मध्ये लिंकन मेमोरियल विद्यापीठाने मानद पदवी दिली आणि लोक त्यांना डॉक्टर राल्फ म्हणू लागले.

२००० साली 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' चित्रपटात त्यांनी 'ओ डेथ' गायलं. एकही वाद्य नाही, थेट चर्चमधली रीत. त्याला २००२ मध्ये ग्रॅमी मिळालं. पंचाहत्तरीच्या माणसाला जगाने ओळखलं ते त्याने लहानपणी ऐकलेल्या गायकीमुळे.

संग्रहालयामागे गावाची गरजही होती. हा कोळशाचा मुलूख. १९५० मध्ये काउंटीत सुमारे २३ हजार लोक होते, २०२० मध्ये सुमारे १४ हजार उरले. खाणींतली कामं घटत गेली. आसपासच्या भागात तंबाखू आणि कापड गिरण्याही खचल्या. मग नैर्ऋत्य व्हर्जिनियाने आपलं संगीत पाहुण्यांपुढे ठेवायचं ठरवलं आणि 'क्रूकेड रोड' हा सुमारे ५३० किलोमीटरचा संगीतमार्ग आखला. ब्रिस्टल, 'कार्टर फॅमिली' या गायक कुटुंबाचं (राल्फ यांचे भाऊ कार्टर वेगळे) हिल्टन्स, फ्लॉइड, गॅलॅक्स अशा ठिकाणांच्या माळेत क्लिंटवुडचं घरही ओवलं गेलं. नावातही राल्फ यांच्याबरोबर 'पारंपरिक डोंगरी संगीत केंद्र' असं जोडलेलं आहे, ते मला फार योग्य वाटतं. लूसीसारख्या, ध्वनिमुद्रिका न निघालेल्या वादकांनाही त्यात जागा मिळते.

२३ जून २०१६ रोजी राल्फ वारले. त्याच डोंगरधारेवर, कार्टर यांच्याजवळ त्यांना पुरलं.