आधी बाण, मग लक्ष्य : टेम्सिरोलिमसची पार्श्वभूमी

टार्गेटेड थेरपी म्हटलं की एक सरळ चित्र डोळ्यांसमोर येतं : कर्करोगाच्या पेशीतला दोष हेरायचा, मग नेमका त्यावर बसेल असा रेणू घडवायचा. काही औषधं खरोखर अशीच घडली. किडनीच्या पसरलेल्या कर्करोगावर शिरेतून दिलं जाणारं टेम्सिरोलिमस मात्र उलट्या वाटेनं आलं. त्याचा मूळ रेणू आधी हाती लागला. तो पेशीत नेमका कशाला अडवतो हे कळायला पुढे जवळपास वीस वर्षं गेली, आणि कळल्यावर त्या लक्ष्याचं नावच औषधावरून पडलं.

सुरुवात होते पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर. तिथले लोक आपल्या बेटाला रापा नुई म्हणतात. चिलीच्या ताब्यातल्या या बेटावर विमानतळ होऊ घातला होता. बाहेरच्या जगाची वर्दळ वाढण्याआधी तिथल्या सुमारे हजार माणसांच्या आरोग्याची नोंद करून ठेवावी, म्हणून १९६४ च्या अखेरीस शल्यविशारद स्टॅन्ली स्कोरीना यांच्या नेतृत्वाखाली एक पथक कॅनडाच्या नौदलाच्या ‘केप स्कॉट’ जहाजातून तिथे पोचलं. पथकातल्या जॉर्ज नोग्राडी या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला वेगळंच कोडं पडलं होतं. बेटावर जिकडेतिकडे घोडे, ज्यांच्या लिदीतून धनुर्वाताचे बीजाणू पसरतात, आणि माणसं तर अनवाणी, तरी धनुर्वात कसा नाही? त्यानं बेटाचे ६७ भाग पाडले आणि प्रत्येक भागातली माती गोळा केली. धनुर्वाताचे बीजाणू एकाच नमुन्यात सापडले. कोडं तेवढ्यावर मिटलं, पण माती उरली.

ती पोचली माँट्रियलमधल्या आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत. तिथे एका नमुन्यात ‘स्ट्रेप्टोमायसिस हायग्रोस्कोपिकस’ हा जिवाणू सापडला. तो बुरशीला रोखणारं एक द्रव्य तयार करत होता. १९७२ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं आणि रापा नुईवरून त्याचं नाव ठेवलं रॅपामायसिन. हे काम करणारे सुरेन सेहगल आताच्या पाकिस्तानातल्या खुशाबचे. बुरशीवरचं औषध म्हणून मात्र रॅपामायसिन लंगडं निघालं, कारण ते शरीराची प्रतिकारशक्तीच दाबून टाकत होतं. सेहगलांनी काही नमुने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे पाठवले. तिथल्या चाचण्यांत गाठींच्या कर्करोगांवर त्याचा चांगला परिणाम दिसला. म्हणजे कर्करोगाचा धागा सत्तरच्या दशकातच हाती आला होता. तो लगेच कुणी ओढला नाही, इतकंच.

१९८३ मध्ये माँट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली आणि काम न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला हललं. ज्यांतून काही निघण्याची आशा नाही ती द्रव्यं टाकून द्यायची होती. सेहगलांनी रॅपामायसिनच्या काही कुप्या घरी नेल्या, आइस्क्रीमच्या डब्यात भरल्या, वर ‘खाऊ नये’ असं लिहिलं आणि घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून दिल्या, ही गोष्ट आता या औषधाच्या दंतकथेचाच भाग झाली आहे. कंपनीचं विलीनीकरण होऊन नवे वरिष्ठ आल्यावर त्यांनी पुन्हा पाठपुरावा केला. या वेळी प्रतिकारशक्ती दाबण्याचा जुना दोषच कामी आला. किडनीरोपणानंतर शरीरानं नवा अवयव नाकारू नये यासाठी १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, सिरोलिमस या नावानं.

मधल्या काळात स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल हे तिघे यीस्टच्या पेशींवर रॅपामायसिनचा मारा करत होते. बहुतेक पेशींची वाढ थांबे, काही मात्र दाद देत नसत. या दाद न देणाऱ्या पेशींमध्ये कोणते जनुक बिघडलेत, हे त्यांनी १९९१ मध्ये दाखवलं. जनुकांना नाव दिलं ‘टॉर’, ‘टार्गेट ऑफ रॅपामायसिन’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून. (जर्मनमध्ये ‘टोर’ म्हणजे वेस, आणि बाझेलला जुनी देखणी वेस आहे. हा श्लेष त्यांना ठाऊक होता.) १९९४ मध्ये सस्तन प्राण्यांमधलं तेच प्रथिन सापडलं आणि त्याचं नाव पडलं एमटॉर. हे प्रथिन पेशीच्या कोठाराचा हिशेब ठेवतं. पोषण पुरेसं आहे आणि वाढीचा निरोप आला आहे, असं दिसलं की ते प्रथिनं बनवायला मोकळीक देतं. कर्करोगाच्या अनेक पेशींमध्ये ही मोकळीक कायमचीच असते. किडनीच्या कर्करोगात तर गाठीला रक्तवाहिन्या फुटवणारे संदेशही याच वाटेनं बळ घेतात.

आता बाण होता, लक्ष्यही कळलं होतं. अडचण होती ती पाण्याची : रॅपामायसिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. म्हणून त्या रेणूला एस्टर नावाचा एक रासायनिक गट जोडून शिरेतून देता येईल असं रूप तयार केलं, तेच टेम्सिरोलिमस. तरीही वॉर्डात ते सांभाळून हाताळावं लागतं. कुपीतलं औषध आधी सोबत आलेल्या द्रावकातच मिसळायचं, मग सलाइनमध्ये. द्रावकातलं पॉलिसॉर्बेट हे रसायन पीव्हीसीच्या पिशवीतून प्लास्टिक मऊ करणारं रसायन ओढून घेतं, म्हणून पिशवी आणि नळी वेगळ्या प्रकारची लागते. नळीत गाळणी बसवायची, औषधाला उजेडापासून जपायचं. अर्धा तास आधी अ‍ॅलर्जीरोधक इंजेक्शन, मग ३० ते ६० मिनिटांत २५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. तोंड येणं, पुरळ, रक्तातली साखर आणि चरबी वाढणं हे नेहमीचे त्रास. फुप्फुसाला सूज आली तर प्रकरण गंभीर होतं.

निर्णायक चाचणी झाली ६२६ रुग्णांवर. किडनीचा कर्करोग पसरलेला आणि तब्येतीची लक्षणंही वाईट, असे हे रुग्ण. नव्या औषधांच्या चाचण्यांत अशांना सहसा जागा मिळत नाही, त्यामुळे ही निवडच मला धाडसाची वाटते. फक्त इंटरफेरॉन हे तेव्हाचं नेहमीचं औषध घेणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ७.३ महिने भरलं, फक्त टेम्सिरोलिमस घेणाऱ्यांचं १०.९. दोन्ही एकत्र देऊन जास्त काही पदरात पडलं नाही. ३० मे २००७ रोजी अमेरिकेनं मान्यता दिली आणि एमटॉरला रोखणारं कर्करोगावरचं ते पहिलं औषध ठरलं. साडेतीन महिन्यांची ही भर लहान म्हणायची की मोठी, हे ती कुणाच्या वाट्याला येते त्यावर आहे. पुढे गोळीच्या रूपातलं एव्हरोलिमस आलं, प्रतिकारशक्तीला जागं करणारी औषधं आली, आणि टेम्सिरोलिमस मागच्या रांगेत गेलं.

सेहगल २००३ मध्ये आतड्याच्या कर्करोगानं गेले. आजारपणात ते स्वतः रॅपामायसिन घेत होते. त्यांच्या सुरुवातीच्या शोधनिबंधांत ईस्टर बेटावरच्या त्या मोहिमेचा उल्लेख नाही. बेटावर या शोधाच्या स्मरणार्थ एक फलक आहे, ब्राझीलच्या संशोधकांनी लावलेला आणि पोर्तुगीजमध्ये लिहिलेला. तिथले लोक रापा नुई आणि स्पॅनिश बोलतात.

२०२१ मध्ये अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म कणांत बांधलेलं सिरोलिमस पेकोमा नावाच्या दुर्मिळ कर्करोगाच्या पुढच्या टप्प्यासाठी अमेरिकेत मान्य झालं. तेही शिरेतूनच देतात. या वेळी रेणूला काहीही जोडलेलं नाही. मातीतल्या त्या जिवाणूनं बनवला होता, तोच तो रेणू.