शेताची बंदूक आणि शहराची गर्दी: गोव्यातील शस्त्रपरवान्याची पार्श्वभूमी

पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को इथल्या रहिवाशांना स्वसंरक्षणासाठी पिस्तूल सहज मिळावे की गर्दीच्या शहरात खाजगी शस्त्र मुळीच नको, हा वाद प्रत्येक मोठ्या गुन्ह्यानंतर नव्याने पेटतो. वाद शहराचा असतो, पण ज्या कायद्यावर तो चालतो त्यातली साध्या बंदुकीची तरतूद लिहिताना डोळ्यांसमोर शेत आणि रान होते. गोव्यात तर हे जास्तच खरे आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८५७ च्या उठावानंतर लोकांची शस्त्रे काढून घेण्याचे कायदे आले आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा झाला. त्यातून युरोपियनांना सूट होती, म्हणून हा कायदा अपमानाचा ठरला. गोव्यात पोर्तुगीज राजवट असल्याने तो इथे लागू नव्हता. पण शस्त्र कुणाच्या हाती असावे हा प्रश्न इथे त्याहून जुना आहे. पोर्तुगीज सेनापती आफोंसो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा जिंकला आणि १५१३ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिताना इथल्या बंदूक घडवणाऱ्या कारागिरांना बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे म्हटले. पुढे सत्तरीच्या राणे घराण्यातल्या पुरुषांनी पुन्हा पुन्हा शस्त्र उचलले. १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला, १८९५ मध्ये दादा राणे उभे राहिले. गोवामुक्तीसाठी १९४७ मध्ये स्थापन झालेल्या आझाद गोमंतक दलाचा मार्गही सशस्त्रच होता. परवाना म्हणजे सत्तेने प्रजेवर ठेवलेला अविश्वास, ही भावना या इतिहासातून आली आहे आणि ती समजून घेतली पाहिजे.

तीच भावना काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात दिसते. नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क त्यात मूलभूत हक्कांच्या यादीत होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तोच हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती नामंजूर झाली. आज अनुच्छेद १९ मध्ये नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे, तो 'शांततेने व विनाशस्त्र' जमण्याचा. गर्दी आणि शस्त्र यांची फारकत आपल्या घटनेच्या मजकुरातच आहे, आणि शहरातल्या वादात हा मुद्दा फार क्वचित मांडला जातो.

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झालेल्या गोव्यात भारतीय कायदे लागू करण्याच्या ओघात तोही आला. त्यातले कलम १३ नीट वाचण्यासारखे आहे. किमान २० इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटीमीटर नळीची बिनआट्यांची (आतून गुळगुळीत नळीची) बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, अथवा ठासणीची (तोंडातून दारू भरायची) बंदूक खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी मागितली, तर नकाराचे कारण नसताना परवाना द्यावाच, असे हे कलम सांगते. ठासणीची पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर शेतकऱ्याला दुसरी बिनआट्यांची बंदूक देता येते. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसारख्या इतर शस्त्रांना मात्र 'सबळ कारण' लागते. लांब नळीची बंदूक कपड्यांत लपत नाही, ती घेऊन बाजारात शिरलेला माणूस लांबून दिसतो. नळी कापून आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो, तो याच कारणाने.

सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या भागांत रानडुकरे एका रात्रीत भाताची आणि कुळागराची (सुपारी-नारळाच्या बागेची) नासाडी करतात, त्यामुळे पीकरक्षणाची गरज खोटी नव्हती आणि आजही नाही. पण ठासणीच्या बंदुकीची कामाची रीत लक्षात घ्यायला हवी. तोंडातून दारू ओतायची, त्यावर बोळा ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी नळीच्या मागच्या कानावर केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवायची. एकदा भरली की रिकामी करण्याचा सोपा मार्ग बार काढणे हाच. म्हणून पुष्कळ ठिकाणी ती भरलेलीच भिंतीला टेकून राहते, फक्त केप काढलेली. गोव्याच्या पावसाळ्यात दारू ओल धरते. मग घोडा पडतो, केप वाजते आणि बार निघत नाही. तो क्षणभर उशिरा निघू शकतो, म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून निदान एक मिनिट थांबायचे असते. घाईने नळीत डोकावले तर जीव जातो. काळ्या दारूची राखही ओल ओढते. वापरानंतर गरम पाण्याने धुऊन, सुकवून तेल लावले नाही तर आतून गंज चढतो आणि जुनी नळी जादा दारूने फुटते.

शेतात माळ्यावर बसून खाली बार काढला तर छर्रे मातीत जातात. शहरात मागे मातीचा बांध नसतो. बारा बोर (नळीच्या आतल्या व्यासाचे एक माप) बंदुकीच्या, तोंडाशी अरुंद न केलेल्या नळीतून निघालेले छर्रे जितके लांब जातात तितके पसरत जातात. चाळीस मीटरवर तो पसारा एक मीटरहून मोठा असतो. पणजीच्या १८ जून रस्त्यावर संध्याकाळी एक मीटरच्या पट्ट्यात दोन-तीन माणसे असतात. पॉइंट टू-टू (०.२२ इंच) रायफलची छोटी गोळी तर सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. नेमबाज कितीही सरावलेला असो, लक्ष्याच्या मागे कोण उभे आहे हे त्याच्या हातात नसते. शहरी स्वसंरक्षणाच्या युक्तिवादाला माझ्या मते हा सर्वांत जड आक्षेप आहे. परवानाधारकाच्या सचोटीबद्दल शंका न घेताही तो उभा राहतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने या चौकटीत एक भर घातली. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्रपरवाना देता येत नाही (कलम ३४). म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला यांच्या भोवतालच्या गावांना हे माहीत आहे. पण चोडणचे सालिम अली पक्षी अभयारण्यही अभयारण्यच आहे आणि आसपासची पणजी, रायबंदर, पर्वरी त्याच परिघात येतात. पक्ष्यांसाठी केलेला नियम राजधानीलाही लागू पडतो.

गर्दीचा थेट विचार कायद्यात उशिरा आला. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण आणि घरी सुरक्षित साठवणुकीची हमी बंधनकारक केली, प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदीतला स्वतंत्र क्रमांक दिला आणि सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजण्यावर व झाडण्यावर बंदी घातली. २० जूलपेक्षा जास्त शक्तीच्या किंवा ०.१७७ इंचांहून मोठ्या बोरच्या एअरगनलाही परवाना लागू केला. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली. लग्न-मिरवणुकीत हर्षाने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, असा गुन्हा झाला. याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे केली.

न्यूयॉर्कमध्ये हाच वाद उलट्या पायावर झाला. तिथे १९११ पासून पिस्तूल बाळगायला परवाना होता आणि ते जवळ घेऊन फिरायचे तर खास कारण दाखवावे लागे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. केवळ गर्दी आहे आणि पोलिसांचा पहारा आहे म्हणून अख्खे मॅनहॅटन 'संवेदनशील ठिकाण' (शस्त्र नेण्यास बंदी असलेली जागा) ठरवता येणार नाही, असेही सांगितले. त्यानंतर राज्याने नवा कायदा करून टाइम्स स्क्वेअरसारखी ठिकाणे एकेक करून नावानिशी घातली. तिथे शस्त्र हा घटनादत्त हक्क आहे, म्हणून बंदीला कारण द्यावे लागते. आपल्याकडे परवान्याला कारण द्यावे लागते. अमेरिकेतली उदाहरणे इथे जशीच्या तशी लावणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, हा फरक सोडू नये.

निवडणुकीच्या वेळी शस्त्रे जमा करून घेण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. सरसकट जमा करण्यावर न्यायालयीन आक्षेप आल्यावर जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती जामिनावर असलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे आणि दंगलीत सापडलेले परवानाधारक पाहून नोटीस काढते.

बारमाही अडचण मात्र वारशाची आहे. परवानाधारक वारला की बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करायचा असतो. धारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असले तर हयातीतही वारसाला देण्याची सोय नियमांत आहे. हे न करता माळ्यावर ठेवलेली आजोबांची बंदूक म्हणजे विनापरवाना शस्त्र, आणि २०१९ नंतर त्याला किमान दोन वर्षांची कैद आहे.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी होती, म्हणजे पीकरक्षणाच्या परवान्यावरची कित्येक शेते आता इमारतींखाली गेली असण्याची शक्यता आहे. तपासणीला नवा कायदा लागत नाही. नूतनीकरणाच्या अर्जासोबत त्या सर्व्हे क्रमांकाचा ताजा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची आणि पिकांची नोंद) मागावा आणि त्या जमिनीची रूपांतर सनद, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करण्याची परवानगी, निघाली आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाने आपल्याच नोंदींत पाहावे. सनद निघाली असेल तर पीकरक्षणाचे कारण संपले. अर्जदाराला बंदूक हवीच असेल तर त्याने संरक्षणाच्या कारणाखाली नव्याने अर्ज करावा आणि पोलिसांनी अहवाल देताना ती कोणत्या वस्तीत, कोणत्या कपाटात राहणार आहे हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.