पुंगळी जुळली, पण न्यायालयात टिकली का? बंदुकीच्या पुराव्याची पार्श्वभूमी

गोव्यात बंदूक म्हटली की पिस्तुलाआधी डोळ्यांसमोर येते ती सत्तरी, सांगे, काणकोण भागातल्या बागायतदाराच्या घरातली परवान्याची एकनळी किंवा दुनळी. रानडुकरांना बार काढून हुसकावायला, कुळागर राखायला घेतलेली. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि तेवढ्या दिवसांत पिकाची नासाडी झाल्याची ओरड दरवेळी होते. याशिवाय बिनपरवान्याच्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकाही रानात फिरतात. अशा हत्याराने माणूस गेला की पुढे कधीतरी एक वाक्य कानावर येते: ‘लॅबचा रिपोर्ट आला, बंदूक जुळली.’ लोकांच्या लेखी खटला तिथेच संपतो. न्यायालयात तो तिथे सुरू होतो.

आधी ‘जुळली’ म्हणजे काय ते पाहू. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, रायफल यांच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांतून जाताना गोळीवर बारीक ओरखडे उमटतात. बागायतदाराच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून छर्रे सुटतात. शरीरात सापडलेल्या छर्‍यावरून तो कोणत्या नळीतून आला हे सहसा सांगता येत नाही. तिथे सगळी मदार रिकाम्या पुंगळीवर, म्हणजे बार उडाल्यावर उरणार्‍या काडतुसाच्या कवचावर. फायरिंग पिन काडतुसाच्या टोपीवर आदळते तेव्हा खळगा पडतो, आणि स्फोटाच्या दाबाने पुंगळीचे बूड मागच्या पोलादावर दाबले जाऊन त्या पोलादावरच्या सूक्ष्म रेषा धातूवर उठतात. तज्ज्ञ त्याच बंदुकीतून चाचणीची काडतुसे उडवतो आणि दोन्ही पुंगळ्या तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून रेषेला रेष लावून पाहतो. ठासणीच्या बंदुकीला पुंगळीच नसते, म्हणून तिच्यापुढे ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी ठरते. गोव्याच्या रानातल्या खटल्यांबद्दल बोलताना ही मर्यादा फार थोडे लोक लक्षात घेतात.

हे शास्त्र तसे शंभर-सव्वाशे वर्षांचे. पॅरिसमध्ये बाल्थाझार यांनी 1913 च्या सुमारास गोळ्यांची छायाचित्रे मोठी करून तुलना मांडली. 1925 मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॅल्विन गोडार्ड आणि फिलिप ग्रॅव्हेल यांच्या गटाने तुलना-सूक्ष्मदर्शक या कामाला जुंपला. इंग्लंडमध्ये 1927 साली गटरिज नावाच्या पोलिसाचा खून झाला, त्या खटल्यात पुंगळीच्या बुडावरच्या खुणांनी आरोपी फासापर्यंत पोचले. आपल्याकडे 1930 मध्ये कलकत्ता पोलिसांनी शस्त्रतज्ज्ञ नेमला आणि छोटी प्रयोगशाळा उघडली. कायदा मात्र त्याहून जुना. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 45 मध्ये बंदुकीचा उल्लेखही नव्हता. ‘विज्ञान किंवा कला’ या दोन शब्दांच्या आधारावर शस्त्रतज्ज्ञ साक्षीदाराच्या पिंजर्‍यात आला.

गोव्यात हे कलम तेव्हा लागू नव्हते. मुक्तीपूर्वी इथला खटला पोर्तुगीज कायद्याने चाले, आणि युरोपातल्या त्या परंपरेत तज्ज्ञ नेमायचा तो न्यायाधीशाने. ब्रिटिश भारतातून आलेल्या पद्धतीत तज्ज्ञाला सरकार पक्ष आणतो आणि बचावाचा वकील त्याची उलटतपासणी घेतो. फरक मोठा आहे. एकीकडे तज्ज्ञ न्यायालयाचा मदतनीस, दुसरीकडे तो एका बाजूचा साक्षीदार, ज्याचे म्हणणे घासूनपुसून घ्यायचे असते.

मुक्तीच्या जेमतेम महिनाभर आधी, 24 नोव्हेंबर 1961 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने नानावटी खटल्याचा, म्हणजे पत्नीच्या प्रियकराच्या खुनाच्या खटल्याचा, निकाल दिला. नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी 27 एप्रिल 1959 ला ज्या नौकेच्या शस्त्रसाठ्यातून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली ती ‘म्हैसूर’. हीच युद्धनौका 18 डिसेंबर 1961 ला अंजदीव बेटाच्या कारवाईत होती. बचाव असा होता की झटापटीत गोळ्या सुटल्या. सरकारी शस्त्रतज्ज्ञाने रिव्हॉल्व्हरची रचना उलगडली: प्रत्येक गोळीला चाप नव्याने ओढावा लागतो. गोळ्या तीन सुटल्या होत्या, आणि आंघोळ करून आलेल्या मृताच्या कमरेचा टॉवेल जागचा हललाही नव्हता. न्यायालयाने यंत्राची रचना, जखमा आणि टॉवेल एकत्र तोलले. जन्मठेप कायम झाली. तज्ज्ञाच्या मताला इतर पुराव्याच्या शेजारी बसवून पाहायचे असते, याचा याहून स्पष्ट धडा मला माहीत नाही.

1962 पासून केंद्रीय कायदे गोव्यात येत गेले. नागरी संहिता पोर्तुगीजच राहिली, फौजदारी आणि पुराव्याचे कायदे भारतीय झाले, आणि त्यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयाचे निकालही बंधनकारक झाले. आधी न्यायिक आयुक्तांचे न्यायालय होते. 30 ऑक्टोबर 1982 ला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ पणजीत बसले.

त्या निकालांत गावठी पिस्तुलाचा 1958 चा कलुआ खटला महत्त्वाचा. मृताच्या खाटेजवळ सापडलेली पुंगळी आरोपीकडच्या पिस्तुलाशी जुळली आणि न्यायालयाने तो पुरावा निर्णायक मानला. साठीच्या दशकात गुरचरण सिंग खटल्यात सांगितले गेले की प्रत्यक्षदर्शी पुरावा निर्विवाद असेल तर तज्ज्ञ तपासलाच पाहिजे असा ठाम नियम नाही. 1995 मध्ये सुखवंत सिंग खटल्यात उलटी बाजू दिसली: हत्यार आणि पुंगळी दोन्ही हाती असताना ती तज्ज्ञाकडे पाठवली नाहीत, हे सरकार पक्षाला भोवले. 1999 मध्ये जय लाल खटल्यात न्यायालयाने बजावले की तज्ज्ञाने नुसता निष्कर्ष देऊन भागत नाही, त्यामागची कारणेही द्यायला हवीत.

म्हणजे आपल्याकडे या पुराव्याला दार जवळपास सताड उघडे आहे. अहवाल दाखल व्हावा की नाही यावर सहसा भांडण नसते. भांडण असते त्याला किती वजन द्यायचे यावर. ते वजन बहुतेकदा प्रयोगशाळेच्या आधी, पंचनाम्यातच ठरते. पुंगळी कोणत्या जागी, कोणासमोर उचलली? पाकिटावर लाख लावून सील केले का? सीलचा नमुना वेगळा पाठवला का? मालखान्यात ती किती दिवस पडून होती? पंच फितूर झाला किंवा सील तुटलेले निघाले, तर सूक्ष्मदर्शकाखालच्या सुंदर जुळणीचा उपयोग नाही. गोव्याचा मुद्देमाल तर पूर्वी राज्याबाहेर, हैदराबाद किंवा मुंबईला जात असे. हातांची साखळी तितकी लांबत असे. वेर्ण्याला राज्याची स्वतःची प्रयोगशाळा झाली, ही म्हणूनच या साखळीसाठी मोठी गोष्ट आहे.

सहीचासुद्धा प्रश्न येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 293 नुसार ठरावीक अधिकार्‍यांचे अहवाल त्यांना न बोलावता वाचता येत. मस्त राम खटल्यात उच्च न्यायालयाने म्हटले होते की कनिष्ठ वैज्ञानिक अधिकारी त्या यादीत नाही, तेव्हा त्याला तपासल्याशिवाय त्याचा अहवाल वाचता येणार नाही; 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कारण चूक ठरवले आणि सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाच्या सहीचा तो अहवाल पुराव्यात ग्राह्य धरला.

परदेशात प्रश्न याच्याही मुळाशी गेला आहे. अमेरिकेत 2009 मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने आणि 2016 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने विचारले: दोन खुणा ‘पुरेशा’ जुळल्या हे तज्ज्ञ ठरवतो कशावरून, आणि तो चुकतो किती वेळा? 2023 मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ही गोळी याच बंदुकीतून सुटली’ असे बिनशर्त सांगू देणे अबरुक्वा खटल्यात चूक ठरवले. आपल्याकडे पद्धतीची अशी चाळणी लावणारा टप्पाच कायद्यात नाही. मला ही आपली सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण आरोपीच्या आयुष्याचा निर्णय ज्या मतावर होतो त्याच्या चुकीचे प्रमाण विचारले जायलाच हवे.

1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू आहेत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 मध्ये विज्ञान आणि कलेसोबत ‘इतर कोणतेही क्षेत्र’ आले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 नुसार 7 वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे सक्तीचे आहे. त्याची तयारी करायला राज्यांना 5 वर्षांची मुदत आहे. माणसे घडवायला फोंड्याजवळ कुर्टी येथे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा परिसरही सुरू झाला आहे.

याच संहितेचे कलम 330 बंदुकीच्या खटल्यांत सर्वांत जास्त जाणवेल. कागदपत्रे हाती आल्यापासून 30 दिवसांत ती मान्य की अमान्य ते सांगायचे, आणि अहवालाला कोणी हरकत घेतली नाही तर तज्ज्ञाला न्यायालयात बोलावलेच जाणार नाही. मुदत वाढवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण कारणे लिहून. सांग्याच्या एखाद्या मजुरावर खटला आहे, वकील कायदेविषयक मदत केंद्रातून मिळालेला आहे. पुंगळीच्या खळग्याची छायाचित्रे अहवालाला जोडली आहेत की नाहीत, चाचणीची काडतुसे किती उडवली, सील शाबूत होते का, हे त्याने याच 30 दिवसांत वाचून काढायचे आणि लेखी हरकत नोंदवायची आहे.