लॅपटॉपची श्वाननिद्रा

रात्री दोनच्या सुमारास घरघरीने जाग आली. छताचा पंखा नेहमीचाच; आवाज टेबलावरच्या लॅपटॉपचा होता. झोपण्यापूर्वी मीच त्याला ‘स्लीप’मध्ये घातलं होतं, आता मात्र पडदा लख्ख उजळलेला.

स्लीप म्हणजे बंद नव्हे. प्रोसेसर आणि पडद्याची वीज तुटते, पण उघड्या फायली रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीत, असतात आणि रॅमला वीज लागतेच. तिच्या पेशींमधला विद्युतभार सतत गळतो. साधारण दर 64 मिलिसेकंदांनी तो भरून काढावा लागतो, नाहीतर मजकूर पुसला जाईल. शिवाय कीबोर्ड, नेटवर्क कार्ड, आतलं घड्याळ ही मंडळी कान टवकारून असतात. नेटवर्क कार्ड तर स्वतःचा पत्ता ओळीने सोळा वेळा लिहिलेल्या खास संदेशाची वाट पाहतं. तो आला, की लॅपटॉपला उठवायचं!

मग माझ्याकडे हाक मारली कुणी? विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘पॉवरसीएफजी’, मग तिरकी रेघ देऊन ‘लास्टवेक’ असं इंग्रजीत टाइप केलं. उत्तरात यूएसबीचं नाव आलं. यूएसबीला जोडलेला होता फक्त माउस, आणि माउसखाली कालचा पेपर. पंख्याच्या वाऱ्याने पान फडफडत होतं. ऑप्टिकल माउस खालच्या पृष्ठभागाचे फोटो काढून हालचाल ओळखतो; माउस हलला की पान, हे त्याला कळत नाही. डिव्हाइस मॅनेजर या विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत जाऊन त्याची संगणकाला उठवण्याची परवानगी काढली. (त्या भरात कीबोर्डचीही काढू नका. मग दरवेळी पॉवर बटण शोधावं लागतं.)

‘लास्टवेक’ऐवजी ‘वेकटायमर्स’ लिहिलं, तर कुठल्या प्रोग्रॅमने गजर लावून ठेवलाय ते दिसतं. अपडेटवाले यात पटाईत. पॉवर ऑप्शन्समध्ये हे गजर बंद करता येतात.

नव्या लॅपटॉपची गोष्ट मात्र वेगळी. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांत जुनी गाढ स्लीप उरलेलीच नाही. मोबाइलसारखी अर्धवट झोप असते, अधूनमधून नेट तपासणारी. बॅगेतून काढलेला लॅपटॉप तापलेला आणि बॅटरी निम्म्यावर, हे बहुधा तिचंच काम. ‘पॉवरसीएफजी’ला तिरकी रेघ देऊन ‘ए’ जोडून विचारलं, की आपल्याकडे कुठली झोप आहे ते कळतं. मी तर बॅगेत घालताना सरळ हायबरनेट करतो: रॅममधलं सगळं डिस्कवर उतरतं, म्हणून रॅमची वीजही तोडता येते. उघडायला थोडा वेळ जास्त लागतो, तेवढ्यात चष्मा पुसून होतो.