टाकीवरचा पहारा : घरगुती मत्स्यालयांतील इशारायंत्रणांची पार्श्वभूमी

1994 साली कॅलिफोर्नियातील नेटस्केप कंपनीच्या कार्यालयात लू माँटुली या अभियंत्याने माशांच्या एका टाकीसमोर कॅमेरा बसवला आणि त्याची चित्रे इंटरनेटवर खुली केली. (संकेतस्थळे वापरकर्त्याला ओळखण्यासाठी त्याच्या संगणकात जी छोटी नोंद ठेवतात ती ‘कुकी’ही त्याच वर्षी त्यानेच तयार केली, तिची ख्याती मात्र माशांइतकी निरुपद्रवी राहिली नाही.) दूर बसून माशांची टाकी पाहण्याची सोय अशा रीतीने इंटरनेटच्या बाल्यावस्थेतच झाली होती. मात्र कॅमेऱ्यासमोर कोणी बसलेले असेल तरच तो उपयोगाचा, आणि बिघाड तर नेमका कोणाचे लक्ष नसतानाच होतो.

मुळात टाकीला पहाऱ्याची गरज का पडली, हे समजण्यासाठी दीड शतक मागे जावे लागते. लंडनमधील रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 साली आपला प्रयोग मांडला, तेव्हा त्यांच्या पात्रात दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि काही गोगलगायी एवढाच संसार होता. वनस्पती प्राणवायू पुरवत, गोगलगायी कुजका पाला खात आणि हा समतोल कोणत्याही यंत्राशिवाय टिकत असे. पुढे टाकीत दाटीने मासे ठेवण्याची, उष्ण प्रदेशातील मासे थंड हवेत जगवण्याची आणि 1980च्या दशकापासून जिवंत प्रवाळ घरी वाढवण्याची हौस वाढली. तिच्याबरोबर एअर पंप, हीटर, फिल्टर आले आणि माशांचा जीव विजेच्या प्लगला टांगला गेला.

पुण्यातील हौशी मंडळींना या परावलंबनाची जाणीव विजेच्या टंचाईने करून दिली. 2006 मध्ये शहरातील उद्योगांनी स्वतःचे जनरेटर चालवून ग्रिडवरील भार हलका करायचा आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांच्या बिलांतून वसूल करायचा, अशी ‘पुणे मॉडेल’ या नावाने ओळखली जाणारी व्यवस्था झाली, तेव्हा भारनियमनातून सुटका मिळाली. तरी देखभालीसाठी गुरुवारी वीज जाणे पुणेकरांना अनोळखी नाही. एप्रिल-मेमध्ये असा खंड पडला तर धोका दुहेरी असतो. गोड्या पाण्यात 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना साडेसातच, आणि नेमका त्याच वेळी माशांचा श्वसनाचा वेग वाढलेला असतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तक्रार वेगळी असते. हीटरच्या थर्मोस्टॅटचे, म्हणजे तापमानानुसार त्याला चालू-बंद करणाऱ्या कळीचे, संपर्कबिंदू चिकटून बसले, तर हीटर बंदच होत नाही आणि पाणी तापतच राहते.

सर्वांत जुनी युक्ती साधी होती. वीज असेपर्यंत खेचून धरलेला रिले (विजेच्या चुंबकाने चालणारी कळ) वीज जाताच सुटे आणि बॅटरीवरील भोंगा वाजे. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळणाऱ्या सुट्या भागांतून हे काम होई. पण घरात कोणी नसेल तर तो भोंगा शेजाऱ्यांसाठीच. नंतर मोबाइलच्या जाळ्यातून संदेश पाठवणारी, सिम कार्ड घालता येणारी जीएसएम मॉड्यूल स्वस्त झाली आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून ती टाकीपर्यंत पोहोचली. एसएमएसला पैसे पडत, म्हणून यंत्राने मालकाला केवळ मिसकॉल द्यावा, ही तोड खास आपल्याकडची म्हणायला हरकत नाही.

2005 साली इटलीत जन्मलेला आर्डुइनो हा छोटा नियंत्रक बोर्ड, 2012 चा रास्पबेरी पाय हा हातावर मावणारा संगणक आणि 2014 मध्ये बाजारात आलेली ईएसपी 8266 ही वायफाय चिप यांनी चित्र पालटले. डीएस 18 बी 20 हा जलरोधक नळीत मिळणारा तापमान संवेदक अर्ध्या अंशाच्या अचूकतेने मोजमाप देतो आणि टाकीला ते पुरेसे असते. पीएचचा, म्हणजे पाण्याची आम्लता मोजणारा, काचेचा संवेदक मात्र वरचेवर प्रमाणित करावा लागतो, नाहीतर खोट्या इशाऱ्यांनी मालक इतका वैतागतो की खऱ्या इशाऱ्याकडेही पाहत नाही.

वायफायच्या पिढीत एक दोष मात्र शिरला, जो जुन्या जीएसएम यंत्रात नव्हता. वीज गेली की राउटरही बंद पडतो, म्हणजे जी बातमी कळवायची तीच बातमी यंत्राची वाचा बंद करते. म्हणून पुढे उलटी पद्धत रूढ झाली : टाकीजवळच्या यंत्राने दर काही मिनिटांनी दूरच्या सर्व्हरला हजेरी लावायची आणि हजेरी चुकली की सर्व्हरने मालकाला कळवायचे.

तरीही इशारा मिळाल्यावर पोहोचायचे कसे, हा प्रश्न उरतोच. हिंजवडीतील कार्यालयात संदेश काही सेकंदांत येतो, पण तेथून संध्याकाळी सदाशिव पेठेत पोहोचायला तासभरही कमी पडतो. त्यामुळे जाणकारांच्या जुळणीत आता संदेशाचा क्रम शेवटचा असतो. आधी यंत्र स्वतः हीटरचा प्रवाह तोडते, बॅटरीवरचा एअर पंप सुरू करते आणि मग मालकाला कळवते.