ई, जे, के, मोठा बी, एच: संगणकावरच्या मराठीची पार्श्वभूमी

गेल्या दिवाळीत मावशीने जुन्या सीडींचा डबा माझ्यापुढे ठेवला. त्यातल्या एका सीडीत आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. १९९९ साली मावशीने त्या गावातल्या, म्हणजे यवतमाळकडच्या, एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या. सीडी चालली, वर्डची फाइलही उघडली, पण पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हतं. सगळा रोमन अक्षरांचा ढीग. मावशी म्हणाली, "फाइल खराब झाली गं." मी फॉन्टच्या खिडकीत नाव पाहिलं तर ‘कृती देव’. मग पहिल्या पानावरचे ई, जे, के, मोठा बी, एच मला लगेच वाचता आले. कृती देवमध्ये ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ आणि एच म्हणजे दुसरी वेलांटी. ‘मराठी’.

फाइल खराब झाली नव्हती. तिच्यात मराठी कधी नव्हतंच. तिच्यात रोमन अक्षरं होती आणि त्यांच्यावर मराठी चित्रांचं कातडं चढवलेलं होतं. कातडं गेलं आणि आतलं उघडं पडलं. आज व्हॉट्सअ‍ॅपवर, एक्सेलमध्ये, सरकारी पीडीएफमध्ये मराठीचे जे हाल दिसतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ या एकाच गोष्टीत आहे: यंत्रात अक्षर साठवायचं की अक्षराचं चित्र?

चित्राची सवय टाइपरायटरने लावली. त्याच्या मोजक्या कळांवर आपली जोडाक्षरं मावणार कशी? म्हणून अर्धा ख, अर्धा ण, अर्धा श अशा कळा झाल्या. अर्धं अक्षर उठवायचं आणि पुढे काना जोडून ते पूर्ण करायचं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षरानंतर. डोळ्यांना कागदावर जसं दिसतं तसं. ‘मराठी ३०’, ‘मराठी ४०’ या परीक्षा देऊन लाखो लोकांची बोटं याच वळणावर तयार झाली. त्यात त्यांची काही चूक नव्हती. कागदावर उमटलेलं अक्षर कोणाला शोधायचं नसतं, क्रमाने लावायचं नसतं.

दुसरा विचार १९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत आकाराला आला. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उभं केलेलं तंत्र ‘जिस्ट’ या नावाने ओळखलं गेलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली आणि जिस्टचं घर पुण्याला आलं. त्यांची कल्पना साधी आणि फार मोठी होती: यंत्राने फक्त वर्ण साठवावेत, उच्चाराच्या क्रमाने, त्यांची जोडाक्षरं कशी दिसतील हे दाखवताना ठरवावं. ‘क्ष’ असं काही साठवायचंच नाही. क, हलन्त (पाय मोडण्याची खूण), ष एवढं पुरे. ब्राह्मीतून आलेल्या भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकच असल्याने एकच तक्ता सगळ्यांना चालला. तो इस्की, पुढे १९९१ मध्ये आयएस १३१९४ या नावाने भारतीय मानक झाला. कळफलकासाठी इन्स्क्रिप्ट ही मांडणी १९८६ पासून होतीच. तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला आणि क-ख, ग-घ अशा जोड्या एकाच कळीवर, शिफ्टसह आणि शिफ्टशिवाय. माझ्या मते आपल्या भाषांसाठी झालेलं हे सगळ्यात देखणं तांत्रिक काम आहे, आणि ते नीट शाळेत शिकवलं गेलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

जिस्टचं कार्ड डॉसच्या संगणकात बसवलं की साध्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही मराठी उमटायचं. पण तेवढ्यात विंडोज आलं. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप फॉन्ट आले, अक्षरं आता विंडोज स्वतः काढू लागलं आणि त्याला देवनागरीचे नियम ठाऊकच नव्हते. छापखाने थांबणार नव्हते. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पावतीपुस्तकं, सगळं रोज हवं होतं. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी तोडगा काढला: इंग्रजी फॉन्टच्या घरांमध्ये मराठी तुकड्यांची चित्रं बसवायची. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृती देव, सरकारी कचेऱ्यांतला योगेश आणि सुरेख, प्रत्येकाने आपापली घरं भरली. कोणाचीही घरं दुसऱ्याशी जुळत नव्हती. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात केला की तो निरर्थक होई. तरीही मराठी डीटीपीचा व्यवसाय याच तोडग्यावर उभा राहिला, गावोगावी दोन खुर्च्यांची दुकानं निघाली, हे विसरून चालणार नाही.

या दोन विचारांमधलं अंतर ‘मार्मिक’ या एका शब्दात दिसतं. चित्रवाल्या फॉन्टमध्ये तो असा साठतो: म, काना, पहिली वेलांटी, म, रफार, क. वर्णांच्या पद्धतीत असा: म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क. मधल्या म भोवती वेलांटी आणि र यांनी बाजू बदलल्या आहेत. म्हणून जुना मजकूर बदलून घेणं म्हणजे नुसतं ‘या घरातलं त्या घरात’ नसतं. कन्व्हर्टरला रफार उचलून अक्षराच्या मागे न्यावा लागतो, वेलांटी पुढे ढकलावी लागते, आणि ती जोडाक्षरावर असेल तर पूर्ण जोडाक्षर ओलांडून.

वेब आलं तेव्हा मराठी वर्तमानपत्रंही याच फॉन्टांनिशी तिथे गेली. बातमी वाचायची तर आधी फॉन्ट उतरवून घ्या अशी पट्टी वर असायची. ते मराठी शोधयंत्रांना रोमन कचरा दिसत होतं. त्या काळातलं कितीतरी मराठी लिखाण जालावर असूनही सापडत नाही, त्याचं कारण हे.

मग आलं युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक क्रमांक देणारा सामायिक तक्ता. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिने देवनागरीसाठी १२८ घरं ठेवली आणि मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली. देवनागरी क चा क्रमांक २३२५, गुजराती क चा २७०९. फरक ३८४, म्हणजे १२८ घरांचे बरोबर तीन पट्टे: दोन्ही लिप्यांच्या पट्ट्यांत क त्याच जागी. पुणे-कानपूरचा तो एक तक्ता आजही जगातल्या प्रत्येक फोनमध्ये असा शाबूत आहे. पण तक्ता असणं आणि अक्षर दिसणं यात बराच काळ गेला. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरी आली. एक्सपीमध्ये ती असूनही बंद असे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. ती सीडी बहुतेकांकडे नसायची. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, तेव्हा तो वाचण्यासाठीही अनेकांना ही खटपट करावी लागली.

मराठीच्या खास गरजा आणखी मागे राहिल्या. हिंदीला ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यातला फरक लागत नाही. आपल्याला लागतो, कारण एक शिकवतो आणि एक स्वयंपाक करतो. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त ही वाट ठेवलेली आहे. इन्स्क्रिप्टवर जे कळीवर र, शिफ्ट धरून ऱ, मग डी कळीवर हलन्त. एवढं माहीत नसल्याने किती जण अजून ‘दुसर्‍या’ (दिसायला तेच, आत वेगळं साठलेलं) किंवा चक्क ‘दुसर्या’ लिहितात. ‘ॲ’ चं तर याहून अवघड. त्याला स्वतःचं घर मिळालं २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये. तोवर लोक अ लिहून त्यावर चंद्र काढत होते, आणि पुष्कळ कळफलक अजून तसंच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ती दोन वेगळी अक्षरं आहेत. सभासदांच्या यादीत ‘ॲड.’ शोधलं आणि अर्धेच वकील सापडले, तर हे तपासा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमाला प्रमाणित केली, पण पाकळीचा ल आणि देठाचा श संकेतस्थळांवर अजून सर्रास दिसत नाही. चांगल्या फॉन्टांत हे मराठी आकार असतात. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं तरच ते बाहेर येतात. एका ओळीचं काम आहे. करा.

साठवणुकीची गोष्ट वेगळी. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी जेवणाच्या टेबलावरच्या कागदी चटईवर यूटीएफ-८ ची, म्हणजे युनिकोडचे क्रमांक बाइटांत साठवण्याच्या पद्धतीची, आखणी केली. तिच्यात इंग्रजी अक्षराला १ बाइट, देवनागरीला ३. ‘मराठी’ हा शब्द १५ बाइटांचा. आज ते कोणाला जड नाही. एसएमएसची मर्यादा मात्र जड गेली. साध्या रोमन संदेशात १६० अक्षरं मावत, एक जरी देवनागरी अक्षर आलं की संपूर्ण संदेश ७० वर येई. एकाच निरोपाचे तीन संदेश, तिप्पट पैसे. एक पिढी ‘काय करतोयस’ रोमन लिपीत लिहायला शिकली त्यात आळसापेक्षा या हिशोबाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

मराठी बिघडलेलं दिसलं की आधी ते कसं बिघडलंय ते बघा, कारण उपाय त्यावर ठरतो. रिकामे चौकोन दिसले तर मजकूर ठीक आहे, फॉन्ट नाही, फॉन्ट टाका. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा दिसला, तर यूटीएफ-८ मजकूर दुसऱ्याच पद्धतीने वाचला जातोय. सगळ्या देवनागरी अक्षरांचा पहिला बाइट एकच असल्याने तो ए सारखा परत येतो. हेही सुधारता येतं. एक्सेलमध्ये सीएसव्ही थेट दोनदा क्लिक करून उघडली की नेमकं हे होतं. ती डेटा टॅबमधून आणा आणि यूटीएफ-८ निवडा. पण प्रश्नचिन्हांची रांग दिसली आणि मूळ डेटाबेसमध्येही तीच असली, तर मजकूर गेला. मायएसक्यूएल या डेटाबेसचं मुळातलं ठरलेलं कोडिंग लॅटिन-१ होतं, २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत. त्या रकान्यात मराठी टाकलं की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठू शकतं, आणि तसं झालं की मागे फिरायला वाट राहत नाही. एका संस्थेच्या देणगीदारांची अडीच वर्षांची नावं अशी गेलेली मी पाहिली आहेत. शेवटी पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती काढून ती पुन्हा भरली. नवं काही उभारताना यूटीएफ-८-एमबी-४ निवडा आणि पहिल्याच दिवशी ‘ज्ञानेश्वर ऱ्हाटकर’ असं नाव टाकून परत वाचून बघा.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना मी आणखी एक सांगते. जावास्क्रिप्टला ‘मराठी’ची लांबी विचारली तर ती ५ सांगते, आपण मोजतो ३. दोन्ही खरं आहे, फक्त मोजण्याची गोष्ट वेगळी. म्हणून ‘पहिली २० अक्षरं दाखव’ असा सरळ कोड लिहिला की शेवटी लोंबता हलन्त किंवा काना नसलेलं अक्षर राहतं, आणि शब्द उलटा केला की वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसतात. माणसाला एक वाटणारं अक्षर कुठे संपतं याचे नियम युनिकोडमध्येच आहेत आणि ते वापरणारी साधनं भाषांमध्ये आहेत. त्या नियमांत ‘क्ष’सारखं देवनागरी जोडाक्षर एकसंध धरलं जायला २०२३ ची १५.१ आवृत्ती यावी लागली. जुन्या फोनवर म्हणून अजून तुटतं. क्रमवारीचंही तसंच: तक्त्यात ळ हा ल च्या शेजारी आहे, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर. नुसत्या क्रमांकांवर यादी लावू नका, मराठीची क्रमवारी मागा.

मावशीच्या ओव्यांवर दोन रविवार गेले. ज्यांच्याकडे अशा जुन्या फाइली आहेत त्यांनी आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवावी आणि तो फॉन्टही तिच्यासोबत जपावा, कारण शंका आली की मूळ कसं दिसत होतं हे तोच सांगतो. मग नेमक्या त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर शोधावा. मजकुरात कुठे खरंखुरं इंग्रजी असेल तर ते आधी बाजूला काढावं, नाहीतर त्याचंही देवनागरी होऊन बसतं. मी हे विसरले आणि प्रस्तावनेतला डीटीपीवाल्याचा इंग्रजी पत्ता असा गेला. रफार आणि वेलांट्या बहुतेक जागच्या जागी आल्या. ऱ मात्र कन्व्हर्टरला कळला नाही. ‘वाऱ्यासंगं’ चं ‘वार्यासंगं’ झालं, ‘सोयऱ्याच्या’ चं ‘सोयर्याच्या’. ‘बदला’ म्हणून एकदम बदलायला गेले तर ‘सूर्या’लाही धक्का लागला असता, म्हणून एकेक पाहत गेले. मावशी शेजारी बसून ओवी म्हणायची आणि मी शिफ्ट धरून जे दाबायचे. एकशे बारा ओव्यांपैकी नऊ ओव्यांत डीटीपीवाल्याने १९९९ मध्येच शब्द गाळलेले निघाले. ते तिच्या तोंडून पहिल्यांदाच टाइप झाले.